बर्बनची (अमेरिकन व्हिस्कीची) क्रमवारी लावायचीय, पण ताकद वेगवेगळी! मदत हवी आहे

मंडळी, मी अमेरिकेत केंटकीमधल्या लुईव्हिलला राहतो. येत्या शनिवारी आम्ही सहा मित्र लेबल झाकून बर्बन चाखणार आणि क्रम लावणार आहोत. बाटल्या घेऊन ठेवल्यात: मेकर्स मार्क, बफेलो ट्रेस, वुडफर्ड रिझर्व्ह, फोर रोझेस सिंगल बॅरल आणि वाइल्ड टर्की १०१.

अडचण अशी की पहिल्या तिन्ही ४५ टक्के अल्कोहोलच्या आसपासच्या, फोर रोझेस ५० ची आणि टर्की ५०.५ ची. मागच्या वेळी टर्की दुसऱ्याच ग्लासात आली आणि तिच्यानंतर मेकर्स मार्क सगळ्यांना पाणचट लागली. शेवटचा नंबर! मला ते अजून पटलेलं नाही. मेकर्स मार्कमध्ये राय या धान्याऐवजी गहू असतो, त्यामुळे ती मऊ. घोट गिळल्यावर जिभेवर व्हॅनिला आणि कॅरॅमल किती वेळ रेंगाळतं, हे सावकाश प्यायल्याशिवाय कळत नाही.

मग सगळ्या ४५ वर आणाव्यात का? ३० मिली टर्कीला साधारण पावणेचार मिली पाणी लागेल. पण टर्कीची सगळी मजा त्या झणक्यातच आहे, तो घालवणं मला अन्याय वाटतो. की कमी ताकदीकडून जास्तीकडे जावं आणि दुसऱ्या फेरीत क्रम उलटा करावा?

शिवाय एक जण चकली आणतोय. तिखटाने रायचा मिरीसारखा चटका कळेनासा होईल ना? मध्ये तोंड साफ करायला तुम्ही काय खाता? अनुभव असेल त्यांनी कृपया शुक्रवारपर्यंत सांगा.