निर्मात्यापुढे चित्रपटाची गोष्ट कशी मांडावी?

प्रश्न (शिक्षिका, विडी घरकुल, सोलापूर)

विडी कामगार स्त्रियांवरील चित्रपटाची कल्पना दोन वर्षांपासून माझ्या मनात घोळते आहे. ओळखीतून मुंबईच्या एका निर्मात्यांनी वीस मिनिटांची वेळ दिली असून पुढच्या महिन्यात मी सिद्धेश्वर एक्स्प्रेसने जाणार आहे. मी चार पानांचे टिपण केले आहे. त्यात तेलुगू भाषक पद्मशाली (विणकर समाजातील) कुटुंबांचे सोलापुरात येणे, गिरण्या बंद पडल्यावर विड्या वळून घर चालवणाऱ्या बायका आणि कुंभारीची १०,००० घरांची कामगार वसाहत, असे सारे घेतले आहे. कथा अशी, की बारावी झालेल्या मुलीला कारखान्यात विड्या तपासण्याचे काम मिळते आणि तिला स्वतःच्या आईच्या विड्या छाट, म्हणजे सदोष म्हणून बाद, कराव्या लागतात. टिपण आधी पाठवावे का? भेटीत किती सांगावे? आणि कल्पना दुसऱ्या कोणी उचलली, तर काय करावे?

उत्तर (पटकथालेखक, पुणे, मूळचा सोलापूरचा)

ताई, आपला चित्रपट त्या चार पानांत नसून कथा सांगणाऱ्या आपल्या एका वाक्यात आहे. विडी कामगारांचे जीवन हा विषय झाला. कारखान्यात विड्या जमा करण्याच्या खिडकीच्या आत मुलगी, बाहेर रांगेत आई आणि दोघींच्या मध्ये टोपलीभर विड्या, ही गोष्ट झाली. निर्मात्यांच्या मनात पहिल्या दोन मिनिटांत ही खिडकी उभी राहिली पाहिजे. पद्मशाली कुटुंबांचा इतिहास आणि कुंभारीची वसाहत त्यांनी विचारल्यावर सांगावी. आपल्याला ती माहिती पक्की ठाऊक असल्याचा लाभ तेव्हाच होतो.

सुरुवात दोन वाक्यांनी करावी: ही कोणाची गोष्ट आहे, तिला काय हवे आहे आणि ते मिळवताना तिला काय गमवावे लागेल. त्यानंतर सात-आठ मिनिटांत कथा आरंभापासून शेवटापर्यंत तोंडी सांगावी. कागद पाहून वाचू नये. शेवट राखून ठेवू नये, हे मी आग्रहाने सांगतो. पहिल्या भेटीत मी चौदा पाने वाचत बसलो होतो. निर्मात्यांनी मध्येच शेवट विचारला, तेव्हा तो पडद्यावरच पाहावा असे उत्तर मी दिले आणि बैठक तिथेच संपली. प्रेक्षकाला उत्कंठा हवी असते. पैसे लावणाऱ्याला मात्र गोष्ट कुठे पोहोचते, ते आधी कळायला हवे. उरलेला वेळ त्यांच्या प्रश्नांसाठी मोकळा ठेवावा, कारण त्यांचे मन कुठे गुंतले आणि कुठे अडखळले, हे त्या प्रश्नांतूनच समजते.

उत्तर (वकील, सोलापूर)

शेवटच्या प्रश्नापुरते लिहितो. भारतीय कायद्यात नुसत्या कल्पनेवर स्वामित्वहक्क (कॉपीराइट) मिळत नाही. तो लिहिलेल्या मांडणीवर मिळतो. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये, एका नाटककाराने चित्रपटाविरुद्ध केलेल्या दाव्यात, हे स्पष्ट केले आहे. त्यामुळे भेटीपूर्वी प्रसंगवार कथा सविस्तर लिहून काढावी. मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनचे सभासदत्व घेऊन तिची नोंदणी करता येते. अशी नोंदणी ही, अमुक तारखेला हे लेखन आपल्याजवळ होते, याचा पुरावा ठरते. ज्या मेलने कथा पाठवाल, त्यात ती विश्वासाने आणि केवळ विचारार्थ पाठवत असल्याचे एक वाक्य अवश्य लिहावे. गोपनीयतेच्या अटीवर सांगितलेल्या, पुरेशा विकसित संकल्पनेलाही न्यायालये संरक्षण देऊ शकतात; मात्र ती अट सिद्ध करता यायला हवी.

गोष्ट पसंत पडली, तर तोंडी होकारावर विसंबू नये. स्वामित्वहक्क कायदा, १९५७ नुसार हक्कांचे हस्तांतरण लेखी आणि सहीनिशीच झाले पाहिजे. करारात मुदत लिहिलेली नसेल, तर ती पाच वर्षांची मानली जाते. मोबदला, हप्ते आणि श्रेयनामावलीतील आपले नाव या बाबी कागदावर आल्याखेरीज पूर्ण पटकथा हाती देऊ नये.

उत्तर (निर्मिती व्यवस्थापक, मुंबई)

वकील साहेबांचे म्हणणे योग्य आहे. तरीही पहिल्याच भेटीत गोपनीयतेचा करार पुढे करू नये, कारण अनेक निर्माते त्यावर सही करत नाहीत आणि संबंध सुरू होण्याआधीच ताणले जातात. चार पाने पाठवण्याऐवजी एका पानाचा सारांश दोन दिवस आधी मेल करावा. त्याने तारखेची नोंदही राहते.

आपल्या कथेची एक जमेची बाजू आपण लिहिलेलीच नाही. पात्रे थोडी आहेत, बहुतेक प्रसंग एक घर, एक गल्ली आणि कारखान्याची एक शाखा एवढ्यातच घडतात, म्हणजे हा चित्रपट मर्यादित खर्चात होऊ शकतो. हे आवर्जून सांगावे, पण अंदाजपत्रकाचा आकडा स्वतःहून देऊ नये. आई घरात तेलुगू बोलणार की मराठी, हा प्रश्न नक्की येईल. त्याचे उत्तर ठरवूनच जावे.

प्रश्नकर्ती

आपणा सर्वांची मी मनापासून आभारी आहे. टिपण बाजूला ठेवून दोन वाक्ये नव्याने लिहिली आहेत: "घरात पहिल्यांदाच पगार आणणाऱ्या मुलीला खिडकीतून आईच्या विड्या तपासाव्या लागतात. आईचे डोळे अधू होत चालल्याचे फक्त तिलाच ठाऊक आहे आणि छाट लपवली तर नोकरी जाणार आहे." काल ती शेजारच्या काकूंना वाचून दाखवली. पाने कापता कापता त्यांनी हातातली कात्री खाली ठेवली आणि म्हणाल्या, "छाट निघालेल्या विड्यांची मजुरी मिळत नाही, हे आधी सांग. मुंबईच्या माणसाला ते कसं कळणार?" ते वाक्य आता सर्वांत आधी घेतले आहे. आई घरात तेलुगूच बोलेल.