रोज एक इनिंग, आणि ४२५ पैकी ४२५ मतं? (मारिआनो रिवेरा)

खारेदाणे
घरातलं भांडण चव्हाट्यावर आणतोय. मुलगा न्यू जर्सीत वाढलाय, बेसबॉलमधल्या न्यूयॉर्क यांकीज संघाचा भक्त. परवा जेवताना म्हणाला, आपल्या हयातीतला सगळ्यात मोठा पिचर (चेंडू टाकणारा) म्हणजे यांकीजचा मारिआनो रिवेरा. मी म्हटलं, क्लोजर? सामना संपत आल्यावर येतो, तिघांना बाद करतो आणि घरी जातो, तो?

ज्यांना या खेळातलं कळत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: सामना नऊ इनिंगचा, बरोबरी झाली तर पुढे आणखी. संघ तीन किंवा कमी रननी पुढे असताना शेवटची इनिंग टाकून सामना राखला की क्लोजरच्या नावावर एक ‘सेव्ह’ लागतो. रिवेराचे ६५२, हा विक्रम आहे. २०१९ मध्ये हॉल ऑफ फेमसाठी (बेसबॉलमधल्या थोरांची मानाची यादी) ४२५ पत्रकारांनी मतं दिली आणि सगळ्यांनी त्याचं नाव लिहिलं. बेब रूथला असं एकमत मिळालं नव्हतं, विली मेजलाही नाही. त्याच वर्षी त्याचा जुना सहकारी, स्टार्टर (सामन्याच्या सुरुवातीपासून पिचिंग करणारा) माइक मुसिना सहाव्या खेपेला ७६.७ टक्क्यांवर कसाबसा आत गेला (७५ लागतात). मुसिनाच्या इनिंग ३,५६२, रिवेराच्या १,२८३. पंगतीचा सगळा स्वयंपाक आचाऱ्याने करायचा आणि सत्कार ताकभात वाढणाऱ्याचा!

शिवाय नवव्या इनिंगला पुढे असलेला संघ १०० पैकी ९५ च्या आसपास सामने जिंकतोच. क्लोजर ही जमात जन्माला यायच्या आधीपासून जिंकतोय.

मुक्काम ब्रॉन्क्स
मुसिनाचं नाव काढलंत ते बरं झालं. १६ ऑक्टोबर २००३, बॉस्टनविरुद्ध सातवा सामना, हरेल तो घरी. चौथ्या इनिंगमध्ये यांकीजचा स्टार्टर क्लेमन्सला काढलं आणि पहिल्या व तिसऱ्या बेसवर बॉस्टनची माणसं असताना मुसिनाला आणलं. कारकिर्दीत पहिल्यांदाच तो मधूनच पिचिंगला आला होता. तीन इनिंग, एकही रन नाही. पुढे सामना बरोबरीत आल्यावर नवव्या इनिंगला रिवेरा आला. त्यानेही तीन इनिंग टाकल्या. एक नव्हे, तीन! अकराव्यात यांकीजच्या एरन बूनने होमरन मारून सामना जिंकला. सगळे बूनकडे धावले आणि रिवेरा एकटाच पिचरच्या उंचवट्याकडे पळाला, तिथेच मातीत पडून रडला. ताकभात वाढणारे असे रडत नाहीत हो.

आणि ९५ टक्क्यांचं गणित बाद फेरीत, समोर सगळे तगडे संघ असताना लावून बघा. तिथे त्याने १४१ इनिंग टाकल्या, अर्न्ड रन (क्षेत्ररक्षणातल्या चुकांमुळे गेलेल्या सोडून पिचरच्या खात्यावर लागणाऱ्या) दिल्या फक्त ११. जुना विनोद आहे, चंद्रावर त्याहून जास्त माणसं चालून आलीत.

उकडीचा मोदक
माझं बेसबॉलचं ज्ञान शून्य. म्हणजे बुमराची शेवटची ओव्हर, असंच ना?

खारेदाणे
मोदकराव, माझाच मुद्दा मांडलात, धन्यवाद. बुमरा नवा चेंडूही टाकतो! रिवेराला १९९५ मध्ये सुरुवातीपासून पिचिंग करायला १० सामने दिले होते. त्या मोसमात नऊ इनिंगमागे दिलेल्या अर्न्ड रनची सरासरी साडेपाचच्या वर गेली, मग पाठवला मागच्या बाकावर. क्लोजर म्हणजे नापास झालेला स्टार्टर, हे मी नाही, त्याचाच निकाल सांगतोय.

आळशी कासव
नापास झाला ते खरं, पण पुढच्याच वर्षी काय केलं ते सोयीस्कर गाळलंत. १९९६ मध्ये वेटलँड क्लोजर होता आणि रिवेरा त्याच्या आधी यायचा, १०७ इनिंग टाकल्या. क्लोजर झाला १९९७ मध्ये. त्याच उन्हाळ्यात रामिरो मेंडोझाबरोबर नुसती झेलाझेल करताना त्याच्या लक्षात आलं की आपला चेंडू शेवटच्या क्षणी वळतोय. सरळ करायचा प्रयत्न केला, होईना. तोच कटर. मोदकराव, लेगकटर समजा, पण टप्पा न पडता हवेतच वळणारा, डावखुऱ्याच्या मुठीवर घुसणारा. पुढची सोळा-सतरा वर्षं जवळजवळ हा एकच चेंडू. समोरच्याला ठाऊक असायचं काय येणार, तरी बॅट मुठीपाशी मोडायची. १९९९ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये (मोसमाची अंतिम लढत) अटलांटाच्या रायन क्लेस्कोच्या एकाच खेपेत तीन बॅटी गेल्या, आणि त्याचाच साथीदार चिपर जोन्स डगआउटमध्ये हसत होता. २०१३ मध्ये निवृत्त होताना मिनेसोटाने त्याला काय भेट दिली? तुटक्या बॅटींची केलेली डुलती खुर्ची.

खारेदाणे
खुर्ची झकास, मान्य. पण मोठा पिचर आणि एका इनिंगचा बिनतोड कारागीर यात फरक करायचा की नाही? आणि २००१ ची वर्ल्ड सिरीज? फिनिक्स, सातवा सामना, नववी इनिंग, २-१ ने पुढे. नेमका तेव्हाच सामना घालवला ना?

मुक्काम ब्रॉन्क्स
घालवला. बंट (बॅट नुसती टेकवून ढकललेला चेंडू) उचलून दुसऱ्या बेसकडे वेडावाकडा फेकला, ती चूक त्याचीच. पण शेवटचा चेंडू आठवा. बेस भरलेले, स्कोअर बरोबरीत, इनफिल्ड (बेसजवळचे क्षेत्ररक्षक) पुढे ओढलेलं. लुईस गोन्झालेझची बॅट याही वेळी मोडलीच, चेंडू मिळमिळीत उडून यांकीजच्या जीटरच्या डोक्यावरून मागे गवताच्या कडेला पडला. इनफिल्ड नेहमीच्या जागी असतं तर झेल होता. त्याच्या हातून जेवढं होणार होतं तेवढं झालं होतं.

खारेदाणे
‘असतं तर’ ला आत्याबाईची मिशी आठवते.

आळशी कासव
आता खारेदाण्यांच्या बाजूने एक, फुकट देतो. २०१९ च्या त्याच यादीत सिअ‍ॅटलचा फलंदाज एडगर मार्टिनेझही होता. नियमित मोसमात रिवेरासमोर त्याच्या १९ खेळ्या, ११ हिट. बाकी अमेरिकेला न उमगलेला कटर या एका माणसाला सकाळच्या पेपरासारखा वाचता यायचा.

खारेदाणे
१९ पैकी ११! हे ताबडतोब मुलाला पाठवतोय. रात्रीच्या जेवणाला बोलावलंय त्याला.