कोल्हापुरी चपलांच्या घरच्या धंद्याला स्वतःचे नाव कसे मिळवून द्यावे?

प्रश्न (अथणीकर):
आमच्या घरी तीन पिढ्या कोल्हापुरी चपला शिवल्या जातात. पुण्यात सहा वर्षे मार्केटिंगची नोकरी करून मी यंदा घरी परतलो. आमचा माल व्यापारी उचलतात आणि तो त्यांच्याच शिक्क्याने विकला जातो; आमच्या हाती मजुरीपुरते पैसे उरतात. दिवाळीत मी जाहिरातींवर चाळीस हजार रुपये घातले. ऑर्डरी आल्या, पण माप बसत नाही म्हणून कितीतरी जोड परत आले आणि दोन्ही वेळचे कुरिअरभाडे आमच्याच अंगावर पडले. ‘कोल्हापुरी’ हेच नाव ब्रँड म्हणून नोंदवावे का?

उत्तर (शहापूर, बेळगाव):
तसे करता येणार नाही. ‘कोल्हापुरी चप्पल’ या नावाला २०१९ साली भौगोलिक मानांकन (ठरावीक प्रदेशातल्या मालाच्या नावाला मिळणारे कायदेशीर संरक्षण) मिळाले असून ते कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि आपल्याकडील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांतील कारागिरांचे सामाईक आहे. आपण या मानांकनाचे अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी. तो आपला हक्कच आहे. घराण्याचे नाव मात्र ट्रेडमार्क म्हणून वेगळे नोंदवावे. ट्रेडमार्कच्या वर्गवारीत पादत्राणे २५व्या वर्गात येतात, ऑनलाइन अर्जाला व्यक्तीसाठी ४,५०० रुपये शुल्क आहे आणि नोंदणी दहा वर्षे टिकते, पुढे नूतनीकरण होते. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या, तेव्हा सुरुवातीला मूळ कारागिरीचा उल्लेखही झाला नव्हता. सामाईक नावाची ही स्थिती असेल, तर ज्या जोडावर आपली खूणच नाही त्याचे श्रेय आपल्याकडे कसे येणार?

उत्तर (निपाणी, चपलांचे दुकान):
भाऊ, जाहिरातीच्या आधी माप सुधारा. आमच्या दुकानातही हाच त्रास होता. आता गिऱ्हाइकाला आम्ही कागदावर उभे राहून पाऊल पेन्सिलीने आखायला आणि टाचेपासून सर्वांत पुढच्या बोटापर्यंतचे अंतर सेंटिमीटरमध्ये मोजून फोटोसह पाठवायला सांगतो. पाऊल रुंद असेल तर पट्टा तसा बेततो. नव्या जोडाचा अंगठा आधी घट्ट लागतो आणि चामडे वापराने सैल होते, हे विकतानाच सांगावे; न सांगितल्यास गिऱ्हाईक दुसऱ्याच दिवशी जोड परत करते. सोबत मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत चिठ्ठी द्यावी: पावसात घालू नये, भिजल्यास सावलीत वाळवावी. आमच्याकडे दोन्ही भाषांची माणसे खरेदीला येतात. एकाच भाषेत चिठ्ठी दिली की निम्मे गिऱ्हाईक ती वाचतच नाही.

उत्तर (बेळगाव, टिळकवाडी):
वरील दोन्ही सल्ले योग्य आहेत. मात्र व्यापाऱ्याला एकदम सोडू नये, एवढे आग्रहाने सांगतो, कारण पावसाळ्यात धंदा मंद असताना घराला आधार देणारी उचल तोच देतो. आधी दहा जोडांपैकी दोन स्वतःच्या नावाने विकून पाहावेत आणि उरलेल्या मालाच्या तळव्यावर आपलाही छोटा शिक्का राहील, एवढेच त्याच्याकडून कबूल करून घ्यावे. पुण्यात आपण जाहिरातीवर किती जणांनी बोट दाबले ते मोजत असाल. इथे वर्षभराने तेच गिऱ्हाईक पुन्हा आले का, त्याची वही ठेवावी.

अथणीकर:
सर्वांचे मनापासून आभार. वडिलांशी बोललो. आजोबा तळव्याच्या आतल्या बाजूला आरीने तीन टोचे मारून खूण करत असत, असे त्यांनी सांगितले. तीच खूण नोंदवण्याचे आम्ही ठरवले असून परत आलेल्या जोडांची मापे आज वहीत उतरवायला घेतली आहेत.