मध्यरात्री क्रेडिट कार्डवरून डॉलरमध्ये पैसे गेले, ओटीपी आलाच नाही, आता काय करू?

साखळीची_सून (रविवार, सकाळी)

नमस्कार सगळ्यांना, जरा घाईत लिहितेय, चुकलं तर समजून घ्या. शनिवारी पहाटे 2 वाजून 14 मिनिटांनी माझ्या क्रेडिट कार्डवरून 149 डॉलर गेले, मग लगेच परत 149 आणि परत 149, म्हणजे साधारण 39 हजार रुपये, आणि मी झोपलेली, फोन उशाशी सायलेंटवर. सकाळी चहा ठेवताना मेसेज बघितले आणि हातपायच गळाले. ओटीपी आलाच नाही हो, मी कुणाला दिला नाही, कुठल्या लिंकवर गेले नाही. मागचे मेसेज बघत गेले तर गुरुवारी फक्त 1 डॉलरचा एक व्यवहार दिसतोय, तेव्हा लक्षच गेलं नव्हतं.

कस्टमर केअरला फोन करून कार्ड ब्लॉक केलं, पण तिकडची मुलगी म्हणते ओटीपी तुम्हीच दिला असणार, नाहीतर व्यवहार होतच नाही. काल दुसरा शनिवार, आज रविवार, बँक बंद. आमचे हे म्हणतात सोमवारी बघू. चतुर्थी तोंडावर आली आहे, माटोळीचं (गणपतीवर बांधायच्या फळा-पानांच्या सजावटीचं) सामान, मुलांचे कपडे, सगळं याच कार्डावर घ्यायचं ठरलं होतं. मागच्या आठवड्यात पणजीत एका दुकानात मशीन आत आहे म्हणून पोरगा कार्ड आत घेऊन गेला होता, तिथूनच झालं असेल का? पैसे परत मिळतात का खरंच?

जुना_कॅशियर

ताई, आधी थोडं शांत व्हा, कार्ड ब्लॉक केलंत ते सर्वात महत्त्वाचं काम झालं. मी बँकेत 31 वर्षं काढली, शेवटची काही वर्षं म्हापशाला, तिथे अशा केस बघितल्या आहेत. ओटीपीशिवाय व्यवहार होत नाही हे आपल्या देशातल्या साइटपुरतं ठीक आहे, बाहेरच्या बऱ्याच साइटवर नंबर, तारीख आणि मागचे तीन आकडे दिले की झालं. तो 1 डॉलर म्हणजे कार्ड चालू आहे का हे तपासलेलं असतं. दुकानाचं म्हणाल तर नंबर कुठूनही फुटू शकतो, त्या पोरावर एकदम बोट ठेवू नका, पण कार्ड आत नेऊ द्यायचं नाही हे मात्र पाळा.

आता नियम. रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, 6 जुलै 2017 च्या परिपत्रकाने आलेला, त्याची प्रिंट काढूनच ब्रँचमध्ये जा. चूक तुमची नाही आणि बँकेचीही नाही, मधेच कुठेतरी फुटलं, आणि मेसेज आल्यापासून 3 कामकाजाच्या दिवसांत कळवलंत तर तुमच्यावर एक रुपयाही नाही. चौथ्या ते सातव्या दिवशी कळवलं तर 5 लाखांपर्यंत लिमिट असलेल्या कार्डाला जास्तीत जास्त 10 हजार तुमच्या अंगावर येऊ शकतात. मेसेज आला तो दिवस धरत नाहीत, दुसरा शनिवार नि रविवारही नाही, म्हणजे बुधवारपर्यंत आहे, पण तोपर्यंत थांबू नका, आजच ईमेल टाका, फोनवरचा तक्रार क्रमांक त्यात लिहा. आणि ओटीपी तुम्हीच दिला हे सिद्ध करायचं काम बँकेचं आहे, तुमचं नाही, हे त्यांना ठामपणे सांगा. कळवल्यावर 10 कामकाजाच्या दिवसांत रक्कम तात्पुरती परत दाखवावी लागते आणि 90 दिवसांत निकाल.

सोमवारी अर्ज दोन प्रतीत न्या आणि एका प्रतीवर शिक्का मारून पोच घ्या. पोच नसेल तर कळवलं होतं हे पुढे दाखवणार कसं?

फोंडेकर

1930 वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर, फोन केला का? नसेल तर हे वाचताक्षणी करा, नाहीतर सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन वर टाका, पोलीस स्टेशनला जायचं तर सायबरचं रायबंदरला आहे.

आमच्या बाबांचं झालं होतं, पण ते वेगळं. आज रात्री लाईट तोडणार असा मेसेज आला, त्यांनी त्या नंबरवर फोन केला, सांगतील ते अ‍ॅप घातलं, ओटीपीही दिला, डेबिट कार्डवरून 62 हजार गेले. मी कामावरून धावत आलो, 40 मिनिटांत 1930 ला कळवलं म्हणून त्यातले काही पुढच्या खात्यात अडकवून ठेवता आले, ते कोर्टाच्या ऑर्डरने मिळाले, बाकीचे गेले कारण ओटीपी आम्ही दिलेला. पण बँकेला कळवल्यानंतरसुद्धा 9 हजार गेले होते, ते बँकेनेच भरले, कळवल्यानंतरचं नुकसान त्यांचं असतं. पैशांपेक्षा वाईट म्हणजे बाबा दोन दिवस नीट जेवले नाहीत, शिकलेला माणूस मी आणि असा कसा फसलो म्हणून. घरच्यांनी अशा वेळी रागावू नये हो, पाया पडून सांगतो, राग दिसला की माणूस पुढच्या वेळी लपवतो आणि लपवण्यातच वेळ जातो.

मडगावचा_अवि

बिलच भरू नका, आपोआप वठणीवर येतील.

जुना_कॅशियर

अवि, असं नको रे सांगू. बाकीची खरेदी त्यांचीच आहे, ती भरली नाही तर व्याज लागेल नि सिबिल, म्हणजे कर्जफेडीचा स्कोअर, बिघडेल. ताई, वाद असलेले 39 हजार सोडून उरलेलं वेळेवर भरा आणि तसं लेखी कळवा, फ्रॉड म्हणून तक्रार केलेल्या रकमेवर निकालापर्यंत चार्ज लावता येत नाही. 30 दिवसांत बँकेचं उत्तर आलं नाही किंवा नकार आला तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करा, फी नाही, वकील लागत नाही. आणि नवीन कार्ड आलं की अ‍ॅपमध्ये इंटरनॅशनल बंद करून ठेवा, लागेल तेव्हा चालू करता येतं.

साखळीची_सून (सोमवार, दुपारी)

देव बरें करूं सगळ्यांचं. काल रात्रीच ईमेल टाकला, 1930 लाही लागला फोन, तक्रारीचा नंबर मिळाला. आज ब्रँचमध्ये साहेब आधी म्हणाले स्टेटमेंट येऊ द्या मग बघू, मी नियमाची प्रिंट टेबलावर ठेवली आणि 3 दिवसांच्या ओळीवर बोट ठेवून उभी राहिले, मग त्यांनी अर्ज घेतला. आमचे हे रजा टाकून बरोबर आले होते. पहिला शिक्का अंधुक उमटला, तारीख वाचता येत नव्हती, तर काकांचं आठवलं आणि तिथल्या तिथे दुसरा मारून घेतला.