दुसऱ्या शहरातून आईसाठी कॅब बुक करताना होणारा घोळ – मदत हवी आहे

मंडळी, आई एकटी राहते आणि मी दुसऱ्या शहरात. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तिला फिजिओथेरपीला जावं लागतं. तिच्याकडे साधा बटणांचा फोन, त्यामुळे कॅब मीच इकडून बुक करते.

मुख्य त्रास नकाशावरच्या पिनचा, म्हणजे गाडी कुठे यायची त्या खुणेचा. बिल्डिंगचं नाव टाकलं की पिन मागच्या गल्लीत पडते. ड्रायव्हर तिकडे, आई पुढच्या गेटपाशी काठी टेकून उभी. तो फोन करतो मला! "मॅडम, लोकेशनला आलोय, तुम्ही कुठे आहात?" मग मी आईला फोन लावणार, ती तो वॉचमनच्या हातात देणार, तोवर वेटिंग चार्ज सुरू. ओटीपी ती तळहातावर पेनने लिहून ठेवते. घामाने पुसला की परत फोन.

दुसरं म्हणजे काही ड्रायव्हर आधीच विचारतात, "ड्रॉप कुठे? कॅश की ऑनलाइन?" ऑनलाइन म्हटलं की नकाशावरची गाडी जागची हलत नाही. कंटाळून आपण कॅन्सल करायचं आणि त्याचे पैसेही आपल्याच माथी.

शेअर राइड स्वस्त पडते, पण आईला झेपेल का? आणि आदल्या रात्री शेड्यूल केलेली कॅब नक्की येते का? ओळखीचा ड्रायव्हर ठेवा, हा सल्ला कृपया नको. तो शोध चालूच आहे.

प्रतिसाद १
नाव टाकून शोधलं की पिन बरेचदा इमारतीच्या मधोमध पडते आणि ॲप तिला जवळच्या रस्त्याशी जोडतं. तो रस्ता मागचा निघाला की झालं! नकाशा मोठा करून पिन बोटाने गेटवर सरकवा आणि ती जागा सेव्ह करून ठेवा. आईंच्या फोनला जीपीएस असतं तरी फार फरक पडला नसता. मोकळ्या आकाशाखाली ते साधारण पाच मीटरपर्यंत अचूक असतं, पण उंच इमारतींमध्ये सिग्नल भिंतींवर आपटून येतो आणि जागा भरकटते.

बुक करताना 'दुसऱ्यासाठी' असा पर्याय बहुतेक ॲपमध्ये असतो. तिथे आईंचा नंबर टाका. ड्रायव्हर थेट त्यांनाच फोन करेल, एसएमएसही त्यांना जाईल.

प्रतिसाद २
कॅशचा आग्रह का, तर रोख लगेच हातात पडते. ऑनलाइनचे पैसे कंपनीकडून हिशेब होऊन येतात. गाडी हलली नाही तर घाईने कॅन्सल करू नका. करावंच लागलं तर कारणात 'ड्रायव्हरने कॅन्सल करायला सांगितलं' किंवा 'ड्रायव्हर येत नव्हता' निवडा, स्क्रीनशॉट ठेवा आणि ॲपमधूनच तक्रार करा.

शेअर राइड आईंसाठी नकोच. उबरने २०१४ मध्ये 'पूल' नावाची शेअर राइड आणली, तेव्हापासून अशा राइडमधली अडचण तीच आहे: वाटेत दुसरा प्रवासी मिळाला की रस्ता आणि वेळ दोन्ही बदलतात. काही सेवांमध्ये तर ठरलेल्या कोपऱ्यापर्यंत चालत जावं लागतं. शिवाय मधल्या सीटवर गुडघा वाकवून बसायचं, ते वेगळंच.

शेड्यूलवरही विसंबू नका. बऱ्याच ठिकाणी ड्रायव्हरचा शोध निघायच्या थोडा वेळ आधीच सुरू होतो.

मूळ प्रश्नकर्ती
आभार! पिन गेटवर सरकवून सेव्ह केली. आता एकच विचारायचंय: आईच्या नंबरवर बुक केल्यावरही गाडी कुठे पोचली ते मला माझ्या मोबाइलवर दिसत राहील ना?