ओसीटीत (डोळ्याच्या स्कॅनमध्ये) लाल आलंय म्हणजे काचबिंदू झालाच का?

सातनंबरी:
वय ४१, दोन्ही डोळ्यांना -७ च्या आसपास नंबर. आईला काचबिंदू होता. कळलं तेव्हा डाव्या डोळ्याची अर्धीअधिक नजर गेलेली. म्हणून गेल्या महिन्यात चष्मा बदलायला गेले तेव्हा मीच म्हटलं, तेही बघून टाका. डोळ्यांचं प्रेशर १६ आणि १७. डोळ्यामागच्या नसेच्या तोंडाशी असतो तो खड्डा मोठा वाटतोय म्हणून ओसीटी केली. उजव्या डोळ्याच्या घड्याळासारख्या गोलात १ आणि २ ची घरं लाल, ५ चं पिवळं. सरासरी जाडी ८४ मायक्रॉन, ती मात्र हिरवी. डॉक्टर म्हणाले, सुरुवात आहे, थेंब चालू करा, आता कायमचे. दुसऱ्या डॉक्टरांनी तोच कागद मिनिटभर बघितला आणि म्हणाल्या, "मायनस नंबरवाल्यांचं असं येतं. फील्ड करा, मग बोलू." फील्ड, म्हणजे नजर कडेपर्यंत कुठे-कुठे पोचते त्याची तपासणी, येत्या शनिवारी आहे. तोवर बाटली सील न फोडता फ्रीजच्या दारात, लोणच्याच्या बरणीशेजारी. दार उघडलं की पहिली तीच दिसते. नवरा म्हणतो, मशीनला कशाला खोटं बोलायचंय? या स्कॅनवर नेमकं किती विसंबायचं?

पेन्शनर_नाना:
प्रेशर २१ च्या आत आहे ना? मग कसला काचबिंदू! उगाच घाबरवतात. पैसे वाचवा.

हनुवटी_इथे_ठेवा:
नाना, असं नका हो सांगू. प्रेशर २१ च्या आत असूनही नस सुकत गेलेले पेशंट आमच्याकडे येतात. शिवाय कॉर्निया, म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा, पातळ असला की प्रेशर आहे त्याहून कमी दिसतं. ताई, तुमची पॅकिमेट्री, म्हणजे त्या पडद्याची जाडी मोजणं, झाली का?

मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, अकरा वर्षं हे मशीन चालवतेय. यजमानांचं बरोबर आहे, मशीन खोटं बोलत नाही. पण काचबिंदू आहे की नाही हे ते सांगतच नाही. ते नसेभोवतीच्या तंतूंच्या थराची जाडी मोजतं, आणि ते काम चोख करतं. रंग नंतर चढतो. तुमची जाडी तुमच्या वयाच्या निरोगी माणसांशी ताडतात. शंभरातल्या सगळ्यात पातळ एकात बसलात की लाल, पाचात बसलात की पिवळं. म्हणजे ठणठणीत माणसांतही प्रत्येक घरात शंभरात एक लाल निघणार. आणि घरं १२, डोळे दोन. बरं, ताडायला घेतलेली माणसंही काही शे, त्यांत -७ वाले किती असणार?

मायनसचा डोळा लांबट असतो. त्यात तंतूंचे वरचे-खालचे जाड पट्टे कानशिलाकडे सरकतात. रिपोर्टवर उंटाच्या दोन मदारींसारखी रेघ असते ना, तिची शिखरं हिरव्या पट्ट्याच्या शिखरांपासून कागदाच्या कडांकडे सरकलीत का बघा. उंची तेवढीच आणि फक्त जागा हललेली असेल, तर नाकाकडची घरं रिकामी पडल्यासारखी लाल होतात. उजव्या डोळ्यात ती तुमचीच, १, २, ५. काचबिंदू सहसा ७ आणि ११ च्या आसपास कुरतडायला लागतो. मॅडम मिनिटभरात बोलल्या त्या यावरूनच असणार.

सिग्नलचा आकडाही बघा, स्कॅन किती स्वच्छ निघाला ते तो सांगतो. आमच्या मशीनवर १० पैकी ६ च्या खाली आला की मी पुन्हा काढते. डोळा कोरडा पडला किंवा मोतीबिंदू असला की आकडा घसरतो आणि थर उगाच पातळ दिसतो. बाहेर रांग लागली असली की पुन्हा काढलं जात नाही. आमच्याच धंद्यातलं पाप, कबूल.

मात्र यावरून "काहीच नाही" असंही धरू नका. आईला होता, खड्डा मोठा आहे आणि एवढा मायनस ही स्वतःच एक जोखीम. फील्ड चुकवू नका. पहिली फील्ड पुष्कळांची बिघडते, बटण दाबायची सवय नसते. खराब आली तर लगेच हाय खाऊ नका, पुन्हा करून घ्या. आणि हा ओसीटीचा कागद जपून ठेवा. पुढच्या वर्षी त्याच मशीनवर काढा. दुसऱ्या कंपनीच्या मशीनचे मायक्रॉन याच्याशी जुळत नाहीत.

धाकटा_दादरकर:
आमच्या बाबांचं उलटं झालं. काचबिंदू पुढे गेलेला, ओसीटीतली सरासरी जाडी दर वर्षी ५४, ५५, ५४. आम्ही खूश, थांबलाय म्हणून. आणि बाबा जिन्याच्या शेवटच्या पायरीवर अडखळायला लागले. फील्ड काढली तर खालची बाजू आणखी काळी झालेली. नंतर डॉक्टरांनी समजावलं, की तंतू संपले तरी त्यांच्यामधल्या रक्तवाहिन्या आणि आधाराच्या पेशी उरतातच, त्यामुळे आकडा पन्नाशीच्या आसपास येऊन बसतो आणि पुढे हलत नाही. तिथून पुढे फील्डच बघायची. दोन वर्षं आम्ही नुसत्या आकड्याकडे बघत बसलो.

सातनंबरी:
आत्ता टॉर्च लावून बघितला कागद. सिग्नल ७. दोन्ही शिखरं खरंच कडेला सरकलीत! पॅकिमेट्री कोणीच केली नाही. शनिवारपर्यंत थेंब घालू की नको? बाटलीवर टिमोलॉल लिहिलंय. मला लहानपणापासून दमा आहे, म्हणून आधीच एक इनहेलर चालू असतो.

हनुवटी_इथे_ठेवा:
थांबा! दम्याचं डॉक्टरांना सांगितलं होतंत का? टिमोलॉल डोळ्यातून रक्तात उतरतं आणि दमेकऱ्याला धाप लागू शकते. सील फोडू नका, सकाळी उठल्याबरोबर त्यांना फोन करा. थेंब लागलेच तर दम्यात चालणारेही असतात, ते देतील. आणि त्या बाटलीला फ्रीज लागत नाही, लोणच्याला जागा करून द्या.