शाळेच्या परसबागेतील भाजी मुलांच्या ताटात कशी आणावी? मदत हवी आहे

नमस्कार. पूर्व नागपुरातील एका शाळेच्या व्यवस्थापन समितीवर मी पालक म्हणून काम पाहते. शाळेमागच्या साधारण तीस बाय वीस फुटांच्या मोकळ्या जागेत आम्ही गेल्या पावसाळ्यात परसबाग केली. अंबाडी, चवळी, पालक, वांगी आणि कुंपणालगत शेवगा, अशी इथल्या मातीला आणि इथल्या जिभेला ओळखीची पिके आम्ही मुद्दाम निवडली. घरी अंबाडीला हात न लावणाऱ्या मुलांनी स्वतः खुडलेली भाजी आवडीने खाल्ली, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

अडचणी दोन आहेत. पहिली उन्हाळ्याची. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, काळ्या मातीला भेगा पडतात आणि नेमकी तेव्हाच सुट्टी असल्याने पाणी घालायला कोणी नसते. जमिनीत मडकी पुरून त्यांतून पाणी झिरपू देण्याची पद्धत कोणी भारी काळ्या मातीत वापरली आहे का? किती अंतरावर पुरावीत?

दुसरी अडचण मला अधिक टोचते. पोषण आहाराची खिचडी आमच्याकडे मध्यवर्ती स्वयंपाकगृहातून शिजून येते, त्यामुळे बागेतील भाजी तिच्यात पडतच नाही. शाळेतच कोशिंबीर किंवा एखादी साधी भाजी करून ती आहारासोबत वाढण्याची व्यवस्था कोणत्या शाळेने केली असल्यास परवानगी, स्वच्छता आणि इंधनाचा खर्च कसा सांभाळला, हे कृपया सविस्तर कळवावे. गावरान बियाणे खात्रीने कुठे मिळेल, हेही सांगावे.